तातामीवाल्याचा टर्बो

हिनोसावा गावात नागासे तामोत्सु ओळखला जायचा तो त्याच्या उजव्या कोपरामुळे. तातामी, म्हणजे जपानी घरांत जमिनीवर घालायची जाड बैठक, शिवताना प्रत्येक टाका कोपराने दाबून घट्ट करायचा असतो. बापाच्या हाताखाली शिकायला लागल्यापासून साठी जवळ येईपर्यंत हेच केल्यामुळे त्या कोपरावर टाचेसारखा जाड घट्टा पडला होता. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात एखादा नवखा त्याकडे टक लावून बघायला लागला की तामोत्सु आपणहून सांगायचा, "माझ्या अंगात तेवढीच एक जागा कामाची आहे. बाकी सगळं भरताड."

आता लोक त्याला टर्बोमुळे ओळखतात. ही गोष्टही तो स्वतःच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर त्यात आणखी भर पडते, आणि त्याच्या मते मुळातच ती पुरेशी लाजिरवाणी आहे.

तातामीच्या वरची लव्हाळ्याची चटई आणि कडेची कापडी किनार सगळ्यांना दिसते. वजन असतं ते आतल्या गाभ्यात. भाताचा पेंढा थरावर थर दाबून केलेला तो गाभा एकट्याने उचलायचा तर आधी स्वतःच्या पाठीची परवानगी घ्यावी लागते. हल्ली फोमचा गाभा निघाला आहे, तो बायकापोरंही बगलेत मारून नेतात. तामोत्सु मात्र पेंढाच वापरायचा.

"पेंढा श्वास घेतो," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा.

"आणि उचलताना आपला जातो," असं त्याची बायको फुमिए आतून म्हणायची.

एकेक करून घरं फोमकडे गेली. लोकांनी खोल्यांत लाकडी फरशा घातल्या. पेंढ्याच्या तातामी मागणारं मोठं म्हणावं असं एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे डोंगरावरचं त्सुतानोया. गरम झऱ्यावरचं ते जुनं अतिथिगृह तामोत्सुच्या बापापासून नागासेंकडे काम देत आलं होतं. मालकीण हामुरोबाई सत्तरीच्या, सडपातळ, आणि आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना समोरचा माणूसच आपला आवाज तपासून बघायचा.

अडचण होती ती त्सुतानोयाच्या चढाची. देवळापर्यंत रस्ता ठीक आहे. देवळानंतर अतिथिगृहाचा खाजगी रस्ता सुरू होतो, दोन वळणांचा, उभाच्या उभा. मोठा ट्रक दुसऱ्या वळणावर मावत नाही, म्हणून छोटीच गाडी न्यावी लागते. तामोत्सुची ती पांढरी छोटी व्हॅन रिकामी असताना गुणाची होती. उन्हाळ्यात चढ आला की तो एसी बंद करायचा, फुमिए खिडकी उघडायची, आणि दोघं नकळत अंग पुढे झुकवून बसायची, जणू तेवढ्याने गाडीला मदत होणार होती.

मागच्या नोव्हेंबरात दहा तातामी घालून निघालेली ती व्हॅन दुसऱ्या वळणावर थांबली, ती थांबलीच. क्लच जळल्याचा वास सुटला. मागे निवृत्त शिक्षकांच्या सहलीची छोटी बस येऊन उभी राहिली. शिक्षक मंडळी खाली उतरली, आणि शिक्षकच असल्यामुळे त्यांनी लगेच आपसांत गट पाडले आणि एकेक तातामी चौघांनी मिळून वर नेली. त्यांना मजा वाटली. वाटेत गाणंही म्हणाले. पण फाटकापाशी हामुरोबाई प्रत्येक गटापुढे कमरेतून वाकून माफी मागत होत्या. तामोत्सुच्या गाडीसाठी त्या वाकत होत्या. गाणं तामोत्सु विसरला, ते वाकणं काही केल्या विसरेना.

या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. मोठ्या दिवाणखान्याच्या अठराच्या अठरा तातामी गाभ्यासकट बदलायच्या होत्या. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी तीनला तिथे लग्नाची मेजवानी होती, आदल्या रात्रीपर्यंत दिवाणखाना दुसऱ्या पाहुण्यांनी भरलेला. म्हणजे जे काय करायचं ते शुक्रवारी सकाळी.

"शहरातल्या एका कंपनीचा माणूस हलक्या तातामीचा नमुना ठेवून गेलाय," हामुरोबाई म्हणाल्या. "त्यांची गाडीही बरी चढते. मी आधी तुम्हालाच विचारतेय. पण नागासेसान, या वेळी पाहुण्यांना खाली उतरावं लागलं, तर मग मला पुढच्या वेळी विचारता येणार नाही."

"काळजीच करू नका," तामोत्सु म्हणाला, आणि फोनवर असूनही वाकला. वाकताना डोकं कपाटावर आपटलं.

फुमिए भाजी निवडत होती. मुलगी लग्न होऊन सेन्दाईला गेली तरी ती नवऱ्याला मुलीच्याच तोंडाने बाबा म्हणायची. "बाबा, सेकिगुचींच्या गॅरेजच्या आवारात टर्बोवाली जुनी व्हॅन उभी आहे म्हणे. ती घ्या आणि ही देऊन टाका."

"हिचं इंजिन चांगलं आहे."

"चांगलं आहे, पण चढत नाही. स्वभाव चांगला असलेली माणसंही कामाची नसतात कधीकधी."

हे कुणाबद्दल होतं ते तामोत्सुने विचारलं नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. तातामी जुनी झाली म्हणून कुणी सबंध फेकत नाही. आधी वरची चटई उलटी करून घालतात, मग ती बदलतात, गाभा वर्षानुवर्षं तोच राहतो. मग गाडीचंच का वेगळं? गाभा चांगला आहे, वरचं तेवढं बदलायचं. हे सांगायला तो सेकिगुचीकडे गेला. सेकिगुची त्याचा शाळेतला सोबती, गावात गॅरेज चालवायचा.

सेकिगुचीने ऐकून घेतलं आणि सिगारेट विझवली. "तामो, तातामीत पेट्रोल घालून आग लावतोस का तू?"

"नाही."

"मग गप्प बस आणि ऐक. तुझं इंजिन आपल्या भुकेने जेवणारं आहे. जेवढी हवा ओढता येते तेवढी ओढतं आणि सुखात राहतं. टर्बो म्हणजे आग्रह करून वाढणारी सासू. एक्झॉस्टच्या धुरावर गरागरा फिरते आणि हवा कोंबतच जाते. आणि तुझं इंजिन आधीच घास फार दाबून खाणारं आहे. त्यात हिचा आग्रह झाला तर पोट फुटेल."

"मग त्यावर इलाज काय?"

"इलाज म्हणजे ती टर्बोची व्हॅन विकत घेणं."

"दुसरा इलाज."

सेकिगुची त्याला शाळेपासून ओळखत होता. त्याने सुस्कारा टाकला आणि दुसरी सिगारेट पेटवली. ठरलं ते असं. टर्बोवाल्या व्हॅनचे सुटे भाग काढायचे, त्यात टर्बो, पेट्रोल सोडणाऱ्या तोट्या आणि इंजिनाचा मेंदू. हेड गॅस्केट जाड घालायचं, म्हणजे घास कमी दाबला जाईल. टर्बोचा दाब अगदी बेताचा ठेवायचा. तपासणीचे सोपस्कार सेकिगुची करील. इंजिन उघडायचं कामही तोच करील. गॅरेजमधला गाडी उचलायचा मंच गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी लागतो, त्यामुळे बाकीची जोडणी तामोत्सुच्या शेडमध्ये.

"नळ्यांचं काम मी करतो," तामोत्सु म्हणाला. "आयुष्यभर सरळ रेषेत टाके घातलेत."

"टर्बोला ऑइल लागतं. वरून जाईल आणि खालून परत इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये येईल, एवढं लक्षात ठेव," सेकिगुची म्हणाला. त्याने एवढंच सांगितलं, जास्त सांगितलं नाही, हे पुढे त्याने स्वतःच कबूल केलं.

काम सुरू करण्याआधी तामोत्सु रीतीप्रमाणे शेजाऱ्यांकडे गेला. घराचं बांधकाम असो की आणखी काही, आवाज होणार असेल तर आधीच जाऊन माफी मागायची आणि एक पातळ टॉवेल द्यायचा. कागदात गुंडाळलेले टॉवेल घेऊन तो दारोदार वाकत फिरला. थोडा आवाज होईल, आणि नंतर गाडीचाही जरा होईल, शिट्टीसारखा, सांभाळून घ्या.

शेजारच्या त्सुकादा आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला. "शिट्टी कशाला रे तामोचान? आगगाडी करतोयस का?"

"नाही आजी, चढावर जोर लागावा म्हणून."

"माझ्या कुंड्यांवरून मागे घेतलीस तेव्हा कुठे जोर कमी होता तिला?"

तो प्रसंग जुना होता. त्यानंतरच तामोत्सुने व्हॅनला ते बोलणारं यंत्र बसवलं होतं. मागचा गिअर टाकला की एक बाई गोड आवाजात सांगायची, गाडी मागे येत आहे, कृपया सावध राहा. ते यंत्र त्याने सर्वांत स्वस्त घेतलं होतं, त्याला आवाज कमी करायचं बटण नव्हतं. त्सुकादा आजी ती बाई बोलायला लागली की खिडकीतून तिला उत्तर द्यायच्या.

रविवार जात राहिले. सेकिगुचीने इंजिनाचं आपलं काम केलं आणि पाठ धरून घरी गेला. नळ्या तामोत्सुने बसवल्या. टर्बोला जागा मिळाली ती इंजिनाच्या मागे, आणि ऑइलने परत जायचं भोक चेंबरच्या पुढच्या अंगाला. मधे चांगली हातभर लांबीची नळी लागत होती. तामोत्सु गाडीखाली उताणा पडून तिच्यावर किती वेळ खपला, ते त्याच्या पाठीलाच ठाऊक. कुठे वाक नाही, कुठे झोल नाही. त्याने तिच्यावर पाणसळ ठेवून बघितली, बुडबुडा बरोब्बर मधे आला. मग किनारीचा दोरा वापरून ती नळी इतकी नेटकी बांधली, की सरपटत बाहेर आल्यावर त्याला फुमिएला बोलावून दाखवावंसं वाटलं.

फुमिए वाकून बघून म्हणाली, "छान आहे. गाडीखाली कोण बघणार आहे, मांजर?"

गाडी सुरू झाली. तो ती नदीकाठच्या सरळ रस्त्याने पलीकडच्या गावापर्यंत नेऊन आला. ती अशी पळाली की सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाच्या गाडीला त्याने मागे टाकलं. तो तरुण खरं तर डावीकडे वळला होता, हे फुमिएने नंतर लोकांना सांगितलं. आणि शिट्टी म्हणावी तशी आलीच नाही. दाब बेताचा असल्यामुळे नुसतं किटली तापायला लागल्यासारखं बारीक काहीतरी व्हायचं. त्सुकादा आजी कुंपणावरून विचारायच्या, "झालं का रे सुरू? मी टॉवेल अजून उघडला नाही. आवाज आला की उघडीन म्हणते."

"चढावर नेऊन बघितलीस का?" सेकिगुचीने विचारलं.

तामोत्सुने बघितली नव्हती. देवळावरचा रस्ता खाजगी, हामुरोबाईंच्या खिडकीतून सगळा दिसणारा. तालीम बघायला त्यांनी खिडकीत यावं हे त्याला नको होतं. त्याला नाटकच दाखवायचं होतं. "जोर भरपूर आहे," असं काहीतरी तो बोलला, आणि सेकिगुचीने ते हो असं समजून घेतलं.

शुक्रवार उजाडला तो थंड आणि स्वच्छ. पहिल्या खेपेला नऊ तातामी चढवल्या. फुमिए मांडीवर भाताच्या वड्यांचा डबा घेऊन शेजारी बसली. देवळापर्यंत गाडी गाणं गुणगुणल्यासारखी आली. तामोत्सुने पहिला गिअर टाकला, चढाला लागला, आणि खरोखरच पाठीत कुणीतरी तळवा टेकवून ढकलावं तशी गाडी वर सरकली.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघतेय," फुमिए म्हणाली. ती आरशात बघत होती. "बाबा, मागे काही दिसत नाही."

मागचा डोंगर नाहीसा झाला होता. सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर असा निघत होता, की पहिल्या वळणावरची पाटी, झाडं, देवळाचं छप्पर, सगळं त्यात बुडालं. वासही आला, जळक्या तेलाचा. इंजिन अडखळायला लागलं. वर फाटकाशी कुणीतरी बाहेर आलेलं दिसलं. तामोत्सुने गाडी थांबवली आणि तशीच मागे मागे देवळाच्या मोकळ्या जागेत उतरवली. ती गोड बाई सगळा वेळ त्या धुरात सावध राहायला सांगत होती.

सपाटीवर थोड्या वेळात धूर विरळ झाला आणि थांबला. गाडी निमूट गुणगुणायला लागली. तामोत्सुने सेकिगुचीला फोन लावला.

"पांढरा धूर? चढावर?" सेकिगुची म्हणाला. "परतीच्या नळीला उतार किती दिलास?"

"उतार कशाला? एकदम सरळ आहे."

"सरळ म्हणजे?"

"सरळ म्हणजे सरळ. पाणसळ लावलीय. वर चहाचा पेला ठेवलास तर हलणार नाही."

मग सेकिगुची हळू आवाजात बोलला, आजाऱ्याशी बोलतात तसं. "तामो, ते ऑइल आहे. तुझ्या तातामीवर पाय दुमडून बसायला आलेला पाहुणा नाही. त्याला खाली वाहायचं असतं. तू चढाला लागलास, गाडीचं नाक वर झालं, म्हणजे नळीचं पुढचं तोंड वर. ऑइल परत जाणार कसं? ते टर्बोतच साचणार आणि तिथून धुरात जाणार."

तामोत्सु देवळाच्या पायरीवर बसला. उभं आयुष्य त्याने एकच गोष्ट केली होती, जगातल्या वस्तू सपाट करणं. जमीन कितीही वाकडी असो, खोलीचा कोपरा कितीही तिरपा असो, तो वरून सपाट करून द्यायचा. आणि ज्या एका जागी जराशी वाकडी वस्तू हवी होती, तिथे त्याने पाणसळ लावली होती. वर्षभर एका चढासाठी तळमळला आणि गाडी अशी बनवली की जगात कुठेही चालेल, चढ सोडून. त्याला हसू आलं. मग वरच्या फाटकाकडे लक्ष गेलं आणि हसू गेलं. तिथे आता दोनतीन माणसं दिसत होती.

"घेऊन ये, नळी बदलून देतो," सेकिगुची फोनमधून म्हणत होता. "पण वेळ लागेल. खाली सगळं गरम असेल, दुपार होईल."

दुपारी तीनला मेजवानी. जुन्या तातामी पहाटेच काढून भिंतीला लावल्या होत्या, दिवाणखान्याच्या उघड्या फळ्या दिसत असणार. चारचार घालून दुसऱ्या कुणाच्या गाडीने न्यायच्या म्हटल्या तरी संध्याकाळ झाली असती.

फुमिएने डबा उघडला आणि एक वडी त्याच्या हातात दिली. "नाक वर झालं की धूर. सपाटीवर नाही," ती म्हणाली. "आणि नाक खाली झालं तर?"

"नाक खाली असेल तर उलट चांगलंच वाहील. पण उतारावर जोर कुणाला हवाय?"

"मी उतरायचं म्हणत नाहीये. चढायचंच आहे. नाक खाली ठेवून चढा."

तामोत्सु वडी चावायचा थांबला.

"मागे मागे जा," फुमिए म्हणाली. "तसेही तुम्ही आयुष्यात तेच करत आलात. आज निदान वर तरी पोचाल."

त्याने देवळासमोर गाडी वळवली, तोंड गावाकडे, पाठ त्सुतानोयाकडे. फुमिए खाली उतरली आणि चढाच्या बाजूला पुढे, म्हणजे गाडीच्या मागे, जाऊन उभी राहिली. त्याने मागचा गिअर टाकला. गाडी मागे येत आहे, कृपया सावध राहा, बाई म्हणाली. गाडी वर सरकली. सायलेन्सरमधून एक फुंकर निघाली आणि नंतर काही नाही. धूर नव्हता.

"येऊ दे, येऊ दे," फुमिए हात हलवत मागे मागे चढत होती. "डावीकडे जरा. अहो डावीकडे, तुमच्या डावीकडे. येऊ दे."

पहिलं वळण आलं. तामोत्सुने मान इतकी वळवली की शिरेत कळ आली. आरशात नऊ तातामींच्या कडा दिसत होत्या, त्यांच्यापलीकडे बायकोचं डोकं, आणि सगळा वेळ ती बाई तेच वाक्य, तितक्याच गोडव्याने. तिच्या समोरच डोंगर असल्यामुळे प्रत्येक वाक्य एकदा परतही येत होतं. खाली सबंध खोरं पसरलेलं, कापून झालेली शेतं, नदी, गावाची छपरं. कधी नाही ते त्याला चढताना गावाचं दर्शन घडत होतं. एरवी या चढावर त्याने फक्त इंजिनाच्या तापाचा काटा बघितला होता.

दुसऱ्या वळणावर, जिथे शिक्षकांनी गट पाडले होते, तिथे गाडी क्षणभर अडली. मागची चाकं पाचोळ्यावर घसरली. तामोत्सु सवयीने पुढे झुकला, मग आपल्याला मागे जायचंय हे आठवून मागे रेलला.

"थांबू नका," फुमिए म्हणाली. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "बाबा, येऊ दे."

त्याने हलकेच पाय दाबला. कुठेतरी मागे किटली तापल्यासारखा बारीक आवाज झाला, चाकांनी जमीन पकडली, आणि गाडी वळण घेऊन वर आली.

फाटकाशी अतिथिगृहाची नोकरमाणसं रांगेत उभी होती. येणाऱ्या गाडीला वाकून नमस्कार करायचा आणि जाणाऱ्या गाडीला ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायचा, ही त्यांची रोजची शिस्त. झाडांच्या आडून व्हॅनची पाठ दिसली, तोंड खालच्या दिशेला. तोंड खाली म्हणजे गाडी निघाली, असं समजून त्यांनी हात हलवायला सुरुवात केली. गाडी लहान व्हायच्या ऐवजी मोठी व्हायला लागली. हात हलवणं मधेच सोडायची शिस्त नव्हती. म्हणून गाडी अगदी त्यांच्या पायाशी येऊन थांबेपर्यंत सगळे हसतमुखाने तामोत्सुला निरोप देत राहिले.

हामुरोबाईंनी मात्र हात हलवला नाही. त्या घड्याळ बघत होत्या.

"वेळ आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

पहिल्या नऊ तातामी उतरल्या. मग जुन्यांतल्या काही घेऊन खाली, उरलेल्या नऊ घेऊन पुन्हा वर, तसंच उलटं. या खेपेला नोकरमाणसं तयारीत होती. ती बाई देवळापाशी बोलायला लागल्याबरोबर ती दार उघडून, हातमोजे चढवून उभी राहिली. लग्नातली फुलं यायच्या आत शेवटची तातामी तेवढी राहिली होती. तामोत्सुने ती जागेवर ठेवली, टाचेने कडा दाबली, आणि ती किनारीला किनार लावून बसली. अठरा तातामींवर कुठेही नखाएवढीसुद्धा पायरी नव्हती. इथे सपाट असणं बरोबर होतं.

हामुरोबाई पांढऱ्या मोज्यांनी दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मधे एकदा थांबून त्यांनी पायाच्या अंगठ्याने तातामी दाबून बघितली. तामोत्सु आणि फुमिए दाराशी गुडघ्यांवर बसून होती.

"वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना हलक्या तातामी घालायचं मी ठरवलंय," हामुरोबाई म्हणाल्या. "कामाच्या मुलींना उचलून साफ करता येतात. कंपनीला तसं कळवलंय."

"हो," तामोत्सु म्हणाला. आपला आवाज जरा कोरडा झाला आहे हे त्याला कळलं.

"दिवाणखाना तुमच्याकडेच राहील. मी आहे तोवर." त्या दाराशी आल्या आणि थांबल्या. "पाहुणे काही खाली उतरले नाहीत. एकजण खिडकीतून विचारत होते, ही इथली काही जुनी रीत आहे का. मी हो म्हणाले."

तामोत्सु वाकला. फुमिए त्याच्याहून खाली वाकली, पण तिचे खांदे हलत होते. ती हसतेय हे त्याला कळलं, आणि हामुरोबाईंनाही कळलं असणार. त्या दुसरीकडे बघत होत्या.

उतरताना गाडी सरळ नाकाने निघाली आणि धुराचा मागमूस नव्हता. ऑइल छान वाहत होतं, टर्बो खुशीत होता. "लोक चढासाठी टर्बो बसवतात," तामोत्सु म्हणाला, "उतारासाठी बसवणारा मी एकटाच."

संध्याकाळी सेकिगुची शेडमध्ये आला आणि गाडीखाली सरपटला. बॅटरीच्या उजेडात त्याने ती नळी बराच वेळ बघितली. "बांधणी मात्र देखणी आहे," तो आतून म्हणाला. मग किनारीचा दोरा कापल्याचा आवाज आला, तो तामोत्सुला जरा लागला. नव्या नळीला चांगला उतार देऊन झाल्यावर सेकिगुची बाहेर आला, हात पुसले, आणि सिगारेट पेटवायच्या आधी म्हणाला, "एक सांगू का? सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही."

"सांग."

"या व्हॅनचा मागचा गिअर पहिल्याहूनही खालचा आहे. सगळ्यांत जास्त ताकद तिथेच. मागच्या वर्षी उलटी नेली असतीस तरी चढली असती. टर्बोबिर्बो काही न लावता."

तामोत्सुने शेडच्या छताकडे बघितलं. मग जाड गॅस्केट, दुसऱ्या व्हॅनमधून काढलेला इंजिनाचा मेंदू, वाया गेलेले रविवार आणि आपली पाठ, या सगळ्यांकडे एकेक करून मनाने बघितलं. "हे फुमिएला सांगू नकोस," तो म्हणाला.

"मला ऐकू आलंय," फुमिए चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून त्सुकादा आजींनी हाक मारली. त्यांच्या हातात मुरवलेल्या भाजीची वाटी होती, आणि खांद्यावर नवा टॉवेल, घडीच्या खुणा अजून तशाच.

"आला रे बाबा आवाज एकदाचा," आजी म्हणाल्या. "आज सकाळी डोंगरावर कितीतरी वेळ कुणीतरी मागे येत होतं. मी आपली अंगणात उभी राहून म्हणत होते, आहे बाई, मी सावध आहे. नंतर म्हटलं, आता टॉवेल उघडायला हरकत नाही."

तामोत्सु कुंपणापाशी गेला आणि वाकला. टॉवेल देताना वाकला होता त्याहून बराच खाली. "खूप त्रास दिला, आजी."

"त्रास कसला. पण तामोचान, ती बाई चांगली आहे हो. एवढा मोठा चढ, तरी तिला दम लागला नाही."